खुंट दळणारी जिजा

जिजाला नवऱ्याचा मार रोजचाच होता. भाजीत मीठ जास्त पडलं की मार, कमी पडलं की मार, आणि बरोबर पडलं तर तोंड का वाकडं केलंस म्हणून मार. गावाला हे ठाऊक होतं. जे सगळ्या गावाला ठाऊक असतं त्याबद्दल कुणी बोलत नाही, तसं यावरही कुणी बोललं नाही. सासू चंद्राबाई तर ओसरीवर बसून सगळं ऐकायची आणि म्हणायची, "पुरुषाचा राग हाय, उतरल."

नवरा पोपट झाडं तोडायचा. खालापूरपासून कर्जतपर्यंत शेतं विकली गेली, बंगले उठले. बंगलेवाल्यांना अंगणात झाड नको आणि झाडाचा खुंटही नको. खुंट उपटायला पहार, कुऱ्हाड आणि चार माणसं लागत. म्हणून कुंभिवलीत हायवेवरच्या भंगारात खुंट दळायचं जुनं मशीन दिसलं तेव्हा पोपट हटूनच बसला. दोन चाकांवर इंजिन, पुढं जाड चकती, चकतीभोवती पोलादी दात. ती फिरती चकती खुंटावर इकडून तिकडं नेली की लाकडाचा भुगा होतो. पुढचा रबरी पडदा मात्र गायब होता.

"अवो, पुढं पडदा नाय," जिजा म्हणाली.

"मशीन काय नवरी हाय का पडद्यात ठेवाया?" पोपट म्हणाला, आणि भंगारवाला खो खो हसला.

पहिला खुंट सुबाभळीचा. मशीन किंचाळलं आणि ढलप्या सुटल्या. भुगा घमेल्यात भरायला उभ्या असलेल्या जिजाचा गाल फुटला, पोटऱ्या सोलवटल्या. पोपट दात विचकून चकती मुळांत घुसवत होता, एखाद्या दुष्मनाचा कोथळा काढावा तशी. संध्याकाळी घरी आला तेव्हा त्याच्या हातातलं पाणी हिंदकळून अंगावर सांडलं. जेवला आणि झोपला. मारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

काम नसलं त्या दिवशी मात्र जिजाला मार बसला. तेव्हा तिला कळलं, किंवा कळलं असं वाटलं. मशीन दिवसभर त्याचे हात खिळखिळे करतं, मग घरी उचलायला जोरच उरत नाही. झालं! त्या दिवसापासून तिनं ते मशीन दुभत्या म्हशीसारखं जपलं. तेलपाणी तीच बघे, दातांना वेल्डिंगवाल्याकडून तीच धार लावून आणी, बंगलेवाल्यांना फोन करून खुंटही तीच शोधी. पोपट सुधारला, असं गाव म्हणू लागलं. चंद्राबाईनं श्रेय आपल्या नवसाला दिलं. देवी भंगारात भेटली, हे सासूला कोण सांगणार?

मग दहिवलीचा आंबा आला. बंगलेवाल्यानं आंबा पाडून घेतला होता, खुंट तेवढा उरला होता. भुगा ओढताना जिजाला सालीतून गंजका काटा दिसला. जुन्या मालकानं कुंपणाची काटेरी तार खोडाला ठोकली असणार, आणि झाडानं ती वाढता वाढता गिळली होती.

"थांबा, आत तार हाय. आधी छिन्नीनं काढू."

"तू शिकवतीस मला?" पोपट खेकसला. बंगल्याचा वॉचमन बघत होता. बायकोचं ऐकलं असं त्यानं बघायला नको, म्हणून पोपटनं चकती मुद्दाम तिथंच दाबली.

कडाड आवाज झाला. चकतीचा दात तुटून बंदुकीच्या गोळीसारखा उडाला आणि पोपटच्या उजव्या कोपरात शिरला. हाड बाहेर आलं. पांढरा भुगा लाल झाला. जिजानं पदर फाडून जखम आवळली आणि टेंपोत घालून त्याला दवाखान्यात नेलं.

हात वाचला, पण गळ्यात अडकून राहिला. पोपट घरी बसला आणि डाव्या हातानं फेकू लागला. तांब्या, लाटणं, एकदा वरवंटा. जिजाचं कपाळ फुटलं. चूल तर पेटायला हवी होती. तिनं मशीनला नवा दात बसवला, ट्रकच्या टायरचा पडदा लावला, दहिवलीच्या खुंटातली तार छिन्नीनं उकरून काढली आणि तो अर्धा राहिलेला खुंट स्वतः दळायला घेतला.

सुरुवातीला ती घाबरली होती. पण दातांनी लाकूड पकडलं, खोड फाटू लागलं, तशी तिनं दातओठ खाऊन चकती आत रेटली. मुळं तुटत होती आणि ती ओरडत होती, शिव्या देत होती. तिला फार बरं वाटलं.

घरी पोचली तेव्हा हात थरथरत होते. पोपट ओसरीवरच होता.

"जेवाण काय तुजा बाप करल?" त्यानं ताट भिरकावलं. ते तिच्या हनुवटीला लागलं.

जिजाचा हात उठला. खाडकन त्याच्या तोंडात बसला. मग दुसरी थप्पड, मग तिसरी. पोपटनं धड असलेला डावा हात डोक्यावर धरला आणि अंग चोरलं.

"अगं सोड त्याला! मरंल तो!" चंद्राबाई धावत आली.

जिजा थांबली. दिवसभर खुंट फोडून आलेल्या आपल्या हातांकडे बघत राहिली. थरथरत होते, तरी जोर होता. हवा तेवढा जोर होता. म्हणजे मशीन चालवून आल्यावर त्या सगळ्या संध्याकाळी पोपटच्या हातातही तो असणार. तो मारू शकत होता आणि मारत नव्हता. म्हणजे मशीन यायच्या आधीही तो थांबू शकत होता.

ती मटकन खाली बसली. इतकी वर्षं मार खाताना रडली नव्हती, ती हुंदके देऊन रडली.