पाखरं बघायचा माळा

जन्मभर मी पाखरं हाकायचे माळे बांधले. ज्वारी हुरड्यात आली की शिवारात ज्याला त्याला माळा पाहिजे असायचा. चार मेढी, वर फळ्या, त्यावर गोफण घेतलेला माणूस. शाळा माझी चौथीपुरती, पण मी रोवलेली मेढ कधी कलली न्हाय. हे मी सांगत न्हाय, गाव सांगतं. त्यामुळं सून जेव्हा म्हणाली, "मामा, तलावाच्या काठाला एक उंच माळा बांधायचाय, पाखरं बघायला," तेव्हा मला वाटलं, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

"बघून काय करायचं?"

"काय न्हाय. नुसतं बघायचं."

सून शाळेत शिकवते आणि सुट्टीच्या दिवशी गळ्यात दुर्बीण घालून तलावावर जाते. मिस्तरीची सून बगळे राखती, असं बाया म्हणतात. तिनं ग्रामसभेत विषय काढला तसा गुत्तेदार उठला. आमच्याच भावकीतला, गावातली बांधकामं कंत्राटानं घेणारा. त्याच्या आवाजाला माईक लागत न्हाय.

"लोखंडी उभा करू, पाण्याच्या टाकीसारखा. लाकडाला वाळवी लागती अन् मिस्तरीला वय लागलंय."

लोक हसले. मी म्हणालो, "तुझ्या आज्याच्या घराचे खांब अजून उभे हायत. कुणी केले ते घरी जाऊन इचार."

शेवटी ठरलं ते असं. लाकडीच होऊ द्या. पण हिवाळ्याची पाखरं उतरली की सगळे वर चढून बघणार. पाखरं दिसली तर माळा राहील, न्हाय तर पाडून तिथं लोखंडी.

हिरवं झाड तोडायचं न्हाय, अशी सुनेची अट होती. मी तोडणारही नव्हतो. तलाव पहिल्यांदा भरला तेव्हा बुडालेल्या बाभळी उभ्याच वाळल्या होत्या. पाण्यात मुरलेल्या लाकडाला कीड लवकर धरत न्हाय. उन्हाळ्यात पाणी मागं सरलं तशा त्या काढल्या. पण बाभूळ कधी सरळ वाढती का? लांब खांब मिळेनात, म्हणून खाचा पाडून लाकडाला लाकूड जोडलं.

सुनेनं मोबाईलवर नकाशा दाखवला. काचेवरच्या रेघेवर माझा विश्वास बसत न्हाय. मी कडब्याची चिपाडं घेतली आणि पोरं बैलगाडी करतात तसा हातभर उंचीचा माळा ओसरीवर केला. वर पाण्याचा तांब्या ठेवला, तो राहिला. सुनेनं बाजूनं फुंकर मारली, तर सगळं डुललं.

"अन् माळावरचं वारं सुटल्यावर, मामा?"

मग पाय खाली फाकवले, तिरपे आधार घातले आणि पंख्यापुढं ठेवला. आम्ही सासरा-सून गुडघ्यावर बसून बघत होतो. माझी मालकीण चहा घेऊन आली आणि "ह्यात ल्हान कोण अन् मोठं कोण" असं पुटपुटत कप ठेवून गेली.

खरा माळा उभा केला तेव्हा पाय मातीत रोवले न्हायत. वाड्याच्या खांबाखाली असतो तसा दगडी तळखडा प्रत्येक पायाखाली बसवला, म्हणजे वाळवीला वर चढायला माती मिळत न्हाय. पाय दगडाला आवळायला तेवढ्या लोखंडी पट्ट्या घेतल्या, त्या पण गुत्तेदार गावात नसताना.

थंडी पडली, पाखरं उतरली. मी पांढरं धोतर नेसून ऐटीत वर चढलो. सगळा थवा उठला आणि पार पलीकडच्या काठाला जाऊन बसला.

बांधावरून गुत्तेदार ओरडला, "काय मिस्तरी, काय दिसतंय?"

"पाणी दिसतंय."

"पाणी आमाला खालून बी दिसतंय."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच किडा. म्हशी पाण्यात शिरतात, पाखरू हलत न्हाय. मेंढरं येतात, मागं काठी घेतलेला धनगर येतो, तरी हलत न्हाय. मी वर गेलो की उठलीच. धोतर सोडून लेकाची काळी पँट घातली, तरी तेच. मग एका सकाळी वर न जाता माळ्याच्या पायात, सावलीला बसून राहिलो. पाखरं चरत चरत काठाला आली. म्हणजे भीती लाकडाची न्हाय, माणसाची पण न्हाय. वरच्या माणसाची.

सुनेला सांगितलं. तिनं विचारलं, "मामा, राखणीचा माळा चारी बाजूंनी उघडा का ठेवतात?"

"राखण्या दिसावा म्हणून. आभाळावर माणूस दिसला की पाखरू गोफण सुटायच्या आधीच वळतं. निम्मी राखण तर दिसण्यानंच..."

बोलता बोलताच उमगलं. मी हाकायचाच माळा बांधला होता, फक्त उंच.

दुसऱ्या दिवशी तुराट्या आणल्या. गुरांच्या कोठ्याला घालतात तसा कूड विणून तिन्ही बाजू झाकल्या, वर पाचटाचं छप्पर घातलं, शिडी पाण्याकडून काढून मागं लावली. बघायच्या फटी बसल्या माणसाच्या डोळ्याइतक्या खाली ठेवल्या. उभं राहून मिरवायची सोय आता न्हाय.

गाव आलं त्या दिवशी पहिला गुत्तेदार चढला. उभ्यानं काही दिसेना, म्हणून मुकाट्यानं मांडी घातली आणि फटीला डोळा लावला.  मग त्यानं माझ्या कानाशी तोंड आणलं आणि जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात विचारलं, "मिस्तरी, ती डोक्यावर दोन काळ्या रेघा असल्याली कोण हायत?"

"पट्टकदंब," सुनेनं मागून कुजबुजत सांगितलं. "हंसाची जात. हिमालय ओलांडून येत्यात."

लोखंडाचं नाव पुन्हा निघालं न्हाय. माळा उभा हाय.

पण मला एक कोडं सुटलेलं न्हाय. इथल्या चिमण्या-साळुंक्यांना आमची गोफण पिढ्यानपिढ्या ठाऊक. ही पाखरं एवढ्या लांबची. वरचा माणूस वाईट, हे त्यांना कुणी सांगितलं? सुनेला विचारलं, तर ती म्हणाली, "मला बी म्हाईत न्हाय, मामा." म्हणून मी रोज सकाळी चहा पिऊन फटीशी जाऊन बसतो.