काळ्या माशाचा उपवास

"भाऊजी, हे गेले," शकूवहिनी फोनवर म्हणाल्या. बाहेर दूधवाल्याची फटफटी अजून गल्लीत फिरत होती. मी काही बोलायच्या आत त्या तशाच कोरड्या आवाजात पुढं म्हणाल्या, "तो काळा मात्र जिता आहे." फोन ठेवून मी पलंगाच्या कडेला बसलो. पहिलं वाक्य कधीतरी ऐकावं लागणार, हे आमच्या वयात ठरलेलंच असतं. अडकलो होतो ते दुसऱ्या वाक्यात...

दिगंबर आणि मी कॉलेजपासूनचे मित्र. तो शाळेत विज्ञान शिकवायचा, मी ग्रंथपाल. त्यामुळं तो मला "अरे ग्रंथपाला" अशी हाक मारायचा, आणि हाकेत आदर फारसा नसायचा. त्याच्या शोकसभेत मंडळींनी त्याला ज्ञानमहर्षी केलं. शाल, हार, फोटोपुढं समई, सगळं यथासांग. एका वक्त्यानं शेवटपर्यंत त्याचा उल्लेख पीतांबरराव असा केला. त्या पीतांबररावांविषयी तो फार चांगलं बोलला. दिगंबर असता तर त्यानं मला कोपरखळी मारून "हा पीतांबर मोठा माणूस दिसतोय, ओळख करून दे" असं म्हटलं असतं. त्यानं शेवटच्या काही महिन्यांत जे एक काम जीव लावून केलं, त्याचं नाव त्या मंचावर कुणी घेतलं नाही. घेतलं असतं तर लोक हसले असते. त्यानं एक मासा बरा केला होता. आणि तो बरा केला, हेच ओझं आज त्याच्या बायकोच्या छातीवर बसलं आहे.

मासे घरात आले ते मुलामुळं. गारखेड्यातल्या घरावर पुण्यात राहणाऱ्या अजयनं वरचा मजला चढवला, तेव्हा तो तिकडून एका वास्तुतज्ज्ञाला घेऊन आला. हा गृहस्थ हातात होकायंत्र घेऊन घरभर असा फिरला की बुडत्या जहाजाचा कप्तान वाटावा. जिना चुकीच्या दिशेला निघाला. जिना पाडायचा, नाहीतर मासे ठेवायचे. आठ सोनेरी, एक काळा. घरावर येणारं संकट काळा मासा आपल्या अंगावर घेतो आणि मरतो. मग नवा काळा आणायचा. दिगंबर म्हणाला, "म्हणजे बदली कामगार." अजय चिडला, वहिनींनी डोळे वटारले, आणि दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरच्या बैठकीत काचेची टाकी आली. महिनाभर दिगंबरनं तिच्याकडं पाहिलंही नाही. मग एकदा गेलो तर त्यानं आपली वेताची खुर्ची टीव्हीकडून फिरवून टाकीसमोर आणलेली. म्हणाला, "बातम्यांपेक्षा बरं आहे. तोंड हे पण उघडतात, पण आवाज येत नाही."

वहिनींचं माहेर पैठणकडचं, चितेगावच्याही पुढं. लहानपणी त्यांची आई गोदावरीत माशांना कणकेच्या गोळ्या टाकायची, तोंडानं नाम घेत घेत. ते पुण्य वहिनींनी सासरी टाकीत सुरू ठेवलं. सकाळी देवपूजा झाली की कणकेच्या बारीक गोळ्या, आणि काळ्याला हमखास जास्त. मी एकदा विचारलं तर म्हणाल्या, "आपल्यासाठी मरायला बसलाय बिचारा. पोटभर खाऊ तरी द्यावं का नाय?" फाशीच्या कैद्यालाही शेवटचं जेवण देतातच.

संक्रांतीच्या सुमारास, थंडी होती तेव्हा, काळा उलटा झाला. पोट वर, डोकं खाली, आणि ते मोठाले बाहेर आलेले डोळे कुठंतरी तिसरीकडंच. तो सरळ व्हायला धडपडायचा, जरा खाली जायचा, आणि बुचासारखा पुन्हा वर यायचा. दिगंबरनं मला बोलावून घेतलं. आम्ही रिक्षा करून औरंगपुऱ्यात सलीमभाईच्या दुकानात गेलो, जिथून हे मासे आणले होते. दिगंबरनं लक्षणं सांगायला सुरुवात केली, तोच सलीमभाईनं फळीवरून निळ्या औषधाची बाटली काढली.

"ये डालो सर. सब बीमारी पे चलती."

"सब बीमारी पे चलनेवाली दवा किसी बीमारी की नहीं होती, सलीमभाई."

"तो फिर जाने दो ना सर. काला गया तो समझो घर की बला गई. नया ले जाव, इससे मोटा देता."

घरी आलो तर वहिनींनीही तेच म्हटलं, फक्त मराठीत. "राहू द्या आता. त्याच्यासाठीच आणलाय ना त्याला? काय तरी मोठं येणार असंल घरावर, त्यानं घेतलं अंगावर. तुम्ही कशाला मधी पडता?"

मला वाटलं, आता विज्ञानाचं व्याख्यान होणार. झालं नाही. दिगंबर खुर्चीत बसला आणि शांतपणे म्हणाला, "समजा, तुझं खरं आहे. मग तर हे जास्तच वाईट आहे, शकू. आपल्या वाटचं आपण भोगायचं सोडून घरात मरायला मुकं जनावर ठेवायचं? माझ्या वाटचं मला येऊ दे." वहिनी "असलं अभद्र बोलू नका" म्हणून आत निघून गेल्या. ते वाक्य त्या विसरल्या असत्या तर किती बरं झालं असतं...

मग त्याचं निदान सुरू झालं. वहिनींच्या कपडे भिजवायच्या पांढऱ्या टबात टाकीतलंच थोडं पाणी घेऊन काळ्याला वेगळं ठेवलं. पाणी कमीच, म्हणजे वरखाली करताना दम लागायला नको. मी बॅटरी धरायची आणि त्यानं भिंगातून पाहायचं. अंगावर पांढरे ठिपके नव्हते. पर झडलेले नव्हते. वरून पाहिलं तर खवले अंगाला चिकटून बसलेले होते. "हे महत्त्वाचं," तो म्हणाला, "खवले फणसासारखे उभे राहिले असते तर आत पाणी झालं म्हणायचं. मग हात जोडायचे. हे तसं नाही." कल्ले हलत होते, खायची इच्छाही होती. दोष कुठं होता? त्यानं त्याचं खाणं पाहिलं, विष्ठा पाहिली. असल्या गोष्टी तो कुठलाही संकोच न करता पाहायचा आणि जेवताना सांगायचा. मग सकाळी पूजेनंतर तो मुद्दाम टाकीशी जाऊन बसला, आणि वहिनींच्या हातातल्या गोळ्या पाहून त्याला कळलं. कणीक आतड्यात फुगत होती. फुगलेलं पोट आतल्या हवेच्या पिशवीला दाबत होतं, म्हणून तोल जात होता.

"तुझ्या गोळ्या बंद," तो म्हणाला.

"म्हणजे मीच मारत होते व्हय त्याला?"

"मारत नव्हतीस. लाड करत होतीस. लक्षणं सारखीच असतात."

उपचार अगदी साधा होता. त्यात मिरवण्यासारखं काही नव्हतं. काही दिवस कडकडीत उपवास. टबात मोजकं खडेमीठ. रोज थोडं पाणी काढून तेवढंच दुसरं घालायचं, तेही तितकंच थंड-गरम. आमच्या शहरात नळाला पाणी कधी येईल ते पंचांगातही नसतं. शेजारच्या बाई गच्चीवरून म्हणाल्याच, "सर, इथं माणसाला नाय प्यायला, आन् तुम्ही माशाला न्हाऊ घालता." दिगंबर ते काढलेलं पाणी जास्वंदीला घालायचा आणि बाईंना नमस्कार करायचा. पाणी इतके दिवस साठवून ठेवावं लागतं की त्यातलं क्लोरीन आपोआप उडून जातं, ही नळयोजनेची मासेपालनाला झालेली मोलाची मदत आहे, असं त्याचं मत होतं. उपवास संपल्यावर उकडलेला वाटाणा, साल काढून, बोटांनी चुरून. तेव्हा वाटाण्याचे दिवसच होते. काळ्यानं पहिला तुकडा घेतला, थुंकला, पुन्हा घेतला. हळूहळू तो कलता कलता सरळ झाला, आणि एका सकाळी टबाच्या तळाशी बसून आमच्याकडं पाहत होता. दिगंबरनं त्याला टाकीत सोडलं आणि कायमचा नियम केला. दर शनिवारी माशांना उपवास. वहिनींचाही शनिवारच असतो. "आता हा तुझ्या पार्टीतला झाला," तो वहिनींना म्हणाला. त्या हसल्या नाहीत.

याच दिवसांत जिना चढताना त्याला दम लागायचा. मी पाहिलं होतं, वहिनींनीही. डॉक्टरकडं चला म्हटलं की म्हणायचा, "याचं होऊ दे, मग माझं बघू." काळ्याचं झालं. त्याचं बघायचं राहून गेलं. होळीच्या आधी, पहाटे, त्याच खुर्चीत...

पहिल्या दहा दिवसांत भेटायला आलेल्या बायका टाकीकडं बघून आवाज खाली करायच्या. "काळा वाचला, तवाच मला चुकचुकलं होतं." एकीनं तर विचारलं, "कुणी वाचवला म्हणता?" वहिनींनी मला बाजूला घेऊन विचारलं, "त्याला जाऊ दिलं असतं तर हे राहिले असते का हो, भाऊजी?" मी हृदयाच्या धमन्यांवर बोललो. रक्तदाब, साखर, तरुणपणाच्या विड्या, सगळं सांगितलं. माझं सगळं बरोबर होतं आणि त्यातलं काहीच त्यांना उपयोगाचं नव्हतं. शिवाय "याचं होऊ दे, मग माझं बघू" हे वाक्य आम्ही दोघांनीही ऐकलेलं होतं. त्यामुळं मासा आणि मरण यांचा काही संबंध नाही, असं मीसुद्धा ठासून म्हणू शकत नव्हतो. अंधश्रद्धेशी वाद घालता येतो. पण ती अशी अर्धवट खरी निघाली की माणसाची पंचाईत होते.

गेल्या आठवड्यात वहिनींचा फोन आला. "मासे घेऊन जा, भाऊजी. त्या सलीमला द्या, नायतर हर्सूलच्या तलावात सोडा. मला त्याच्याकडं बघवत नाय." मी झाकणाचा मोठा डबा घेऊन गेलो. टाकीशी वाकलो आणि पाहिलं, काळा पुन्हा कलला होता. पोट एका बाजूला वर. तळाशी बिस्किटाचा लगदा होता. आल्यागेल्यांच्या लेकरांनी टाकलेला असणार. वहिनी माझ्या मागं येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, त्यांना सुटल्यासारखं होईल. हात न लावताच निकाल लागत होता.

त्या टाकीकडं वाकून म्हणाल्या, "आता हा गेला तर कुणावरचं घेऊन जाईल?"

घरात आता त्या एकट्याच होत्या.

"माझ्यावरचंच ना... नको. माझ्या वाटचं मला येऊ दे." त्यांनी पदर खोचला. "बॅटरी घ्या ती. वरून धरा, अशी नको."

त्या दिगंबरच्या खुर्चीत बसल्या. टीपॉयवरचं भिंग उचलून त्यांनी पाण्यात नीट पाहिलं, चष्मा वर सरकवून पुन्हा पाहिलं. "खवले बसलेले हायत," त्या म्हणाल्या. पांढरा टब कुठं आहे, खडेमीठ किती, हे सगळं त्यांना पाठ होतं. दिगंबरच्या उपचारांच्या वेळी त्या स्वयंपाकघराच्या दारात पाठ फिरवून उभ्या असायच्या, असं मला वाटलं होतं.

काळ्याला टबात सोडून झाल्यावर त्यांनी फ्रीज उघडला आणि बर्फाच्या कप्प्यातून स्टीलचा एक डबा काढून माझ्यापुढं धरला. आत हिरवे वाटाणे होते, उकडलेले, एकूणएक साल काढलेले, गोठून एकमेकांना चिकटलेले. वाटाण्याचे दिवस सरायच्या आत त्यानं वर्षाची बेगमी करून ठेवली होती.

"ह्यांनी सोललेत," वहिनी म्हणाल्या. "हे सरेपर्यंत तरी त्याला जगायला पाहिजे." मग डबा पुन्हा कप्प्यात ठेवत म्हणाल्या, "आज देता येणार नाय. आज उपवास आहे त्याचा."

मी माझा रिकामा डबा घेऊन जिना उतरलो.