साखळीतली फट

कबड्डीत राज्याच्या संघातून खेळलेली एक बाई एकदा दुपारी पापडीच्या शाळेत आली होती. ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. तालुक्याच्या सामन्यांआधी मुलींना शिकवायला मास्तरांनी तिला बोलावलं होतं. नाव आता आठवत नाही. माझी मुलगी संघात होती, म्हणून मी कुंपणापाशी उभा होतो.

सत्काराचा हार तिने खुर्चीच्या पाठीला अडकवला, तळव्यांना माती चोळली आणि सरळ चढाईला गेली. मुलींनी हात धरून साखळी केली होती. बाई दरवेळी एकाच जागेतून निसटत होती. आकडेमोडीची सवय असल्यामुळे ते माझ्या लगेच लक्षात आलं. त्या जागेच्या एका बाजूला माझी मुलगी होती, दुसऱ्या बाजूला पाचूबंदरची एक कोळ्याची मुलगी.

“ताई, ही हात धरीत नाय,” ती मुलगी म्हणाली. “मासलीचा वास येतो म्हनते. हिच्यापायी आम्ही हरनार.”

“आजीने सांगितलंय,” माझी मुलगी पुटपुटली.

बाई दम खात म्हणाली, “मला वास येत नाही. फट दिसते.” आणि पुन्हा चढाईला आली.

यावेळी दोघींनी एकमेकींचा हात घट्ट धरून तिला मातीत लोळवलं. ती पडल्यापडल्या हसत होती. तिने हे ठरवून केलं, की खेळाडूला फक्त फटच दिसते, याचं मला अजून कुतूहल आहे.

घरी, कोणाचा हात धरला ते कळताच माझ्या आईने मुलीला आधी आंघोळीला पिटाळलं.

“आजी, पाणी रोजच तापवून ठेव,” मुलगी म्हणाली. “उद्याही तिचाच हात धरायचाय.”