माहितीस्तव प्रत

“अण्णा, चौथ्या पानावर हे काय लिहून ठेवलं तुम्ही?”

बनसोडे सरांनी अर्जाची नक्कल माझ्या पेटीवर ठेवली. आवाज चढलेला नव्हता, थकलेला होता.

मी अर्जनवीस. शिक्षण सातवीपर्यंत; तरी माझ्या हातचा अर्ज अपुरा म्हणून कोणत्याही कचेरीने परत केलेला नाही. लातूर नवा जिल्हा झाला, तेव्हा निलंग्याची बैठक मोडून मी कलेक्टर कचेरीसमोर बसू लागलो. दुष्काळ असल्याने अर्जांना तोटा नव्हता.

सर विद्यापीठाच्या केंद्रात संशोधक होते. पाऊस हुकूनही हिरव्या राहिलेल्या तुरीच्या मुळांवरील गाठींतून त्यांनी एक जिवाणू वेगळा केला होता. तो बियाण्यास चोळला की हवेतील नत्र पिकाला मिळते. यास कल्चर म्हणतात. नांदेडची एक कंपनी त्याची पाकिटे काढणार होती. तपासणीसाठी सरांनी कल्चरची कुपी तिला देऊनही टाकली होती. मात्र उन्हाळ्यात ते मरत असे. जिवंत ठेवण्याची रीत केवळ सरांपाशी होती. करारात त्यांची एकच अट होती: पहिली पाकिटे इथल्या कोरडवाहू शेतकऱ्यांना. विद्यापीठ सही करीत नव्हते.

सबब विद्यापीठास स्मरणपत्र मी लिहिले. अर्ज भक्कम व्हावा म्हणून सरांच्या वहीतील रीत जशीच्या तशी उतरवली. कोळशाची भुकटी किती वाफवावी, ओल किती ठेवावी, सर्व. सरांनी घाईत न वाचताच सही केली. शेवटी शिरस्त्याप्रमाणे माहितीस्तव प्रती पाठवल्या: कलेक्टर, कृषी अधिकारी आणि कंपनी.

“कंपनीला कशाला धाडली?”

“सर, ज्याचा संबंध त्याला प्रत द्यावीच लागते. कायदा हाय.”

“त्यांचा माणूस आला होता. म्हणतो, सर, अर्जनवीस लई हुशार हाय तुमचा. आमच्या सायबाला एका वाचण्यात समजलं. आता करार कशाला पायजे?”

मी नक्कल घडी घालून पेटीत ठेवली.

पाकिटे निघाली. पहिली गाडी बागायती भागात गेली. आमच्याकडे माल आला तेव्हा पेरणीचे दिवस सरले होते. त्यानंतर विद्यापीठाचे उत्तर आले: संशोधनाबाबत गुप्तता पाळावी.

अर्जात मागणे लिहावे, हुन्नर लिहू नये, एवढे मी शिकलो. सर अजूनही येतात. अर्ज मात्र घरूनच लिहून आणतात. माझ्याकडून फक्त तिकीट लावून घेतात.