ह्यांचा गुडघा

आमच्या ह्यांच्या उजव्या गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या दुष्काळाच्या वर्षात अख्ख्या भिंगारने त्या गुडघ्याची जी काळजी वाहिली ती ऐकून कुणालाही वाटेल की हाडाचा पार भुगा झाला असणार.

हे फुटबॉल खेळायचे. हौस म्हणून नाही, पोटासाठी. छावणीच्या मैदानावर जवानांच्या मागे लागून, अनवाणी खेळून शिकले आणि पुढे पुण्याच्या एका कंपनीच्या संघात लागले. सकाळी कारखान्यात नावाला काम, दुपारनंतर मैदान. पगार खरा पायांचाच. माझ्या माहेरी, श्रीगोंद्याकडे, मुलगा कंपनीत आहे एवढंच ऐकून स्थळ पक्कं केलं होतं. तो कंपनीत नेमकं काय करतो हे लग्नात कळल्यावर वडील माझ्या मामाला बाजूला घेऊन म्हणाले होते, "चेंडू लाथाडायला मानूस ठेवत्यात व्हय?"

ठेवायचे, पण कायम नाही ठेवायचे. दरसाल जूनच्या आधी संघाची नावं लागायची. नाव लागलं तर वर्ष निभावलं, नाही लागलं तर वळकटी उचलायची आणि घरी. मी भिंगारात सासूबाईंजवळ राहायची, हे पुण्यात कंपनीच्या खोलीत, सुट्टी मिळाली की एस.टी.ने यायचे. लग्नानंतरचं पहिलं वर्ष बरं गेलं. दुसऱ्या वर्षी ह्यांच्याच खोलीतला, ह्यांच्याच वयाचा एक खेळाडू संघातून गळाला. हे त्याला भेटायला त्याच्या गावी गेले तर तो भावाच्या पिठाच्या गिरणीत पोत्यावर बसलेला, भुवयांपर्यंत पांढरा. ह्यांना बघून तो उठलासुद्धा नाही म्हणे. तेव्हापासून ह्यांचं काहीतरी बिनसलं.

घरी यायचे ते तोंड उतरवून. ताटावर बसले की भाकरीचा तुकडा हातात धरून तसेच राहायचे. सामन्याच्या दिवशी सकाळी ओकारी यायची, झोप तर कधीच उडाली होती. एकदा मला म्हणाले, "चेंडू येताना दिसतो गं, पण पाय माझा राहत नाही." मी आपली थट्टेवारी नेलं. म्हटलं, मग कुणाचा होतो, शेजाऱ्याचा? हे हसले नाहीत. एरवी माझ्या असल्या बोलण्यावर खो खो हसणारा माणूस.

त्या वर्षी पावसाने तोंडच दाखवलं नाही. मोसम सुरू झाला तो कोरड्या जमिनीवर. अशात कंपनीचा संघ भिंगारला जवानांशी खेळायला आला. घरचं मैदान, घरची माणसं. मी आणि सासूबाई (त्यांना मी आत्याबाई म्हणायची) रस्त्याकडेच्या लिंबाखाली डोक्यावर पदर घेऊन उभ्या होतो. आमच्याभोवती सगळी ओळखीची मंडळी. ह्यांच्या पायात चेंडू आला की 'आपला हाय, आपला हाय' असा गलका उठायचा आणि मला लाज वाटायची, बरंही वाटायचं.

उत्तरार्धात असा एक क्षण आला की समोरचा गोलकीपर खाली पडलेला, गोल सताड उघडा, आणि चेंडू घरंगळत ह्यांच्या पायाशी येऊन थांबला. नुसता ढकलायचा होता. हे चेंडूकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, मुद्दाम थांबलेत, काहीतरी डाव असेल. पण मग चेहरा दिसला. अनोळखी माणसाने दारात येऊन आपलंच नाव घ्यावं आणि आपल्याला ओळख पटू नये, तसं ते त्या चेंडूकडे बघत होते. गोलकीपर उठला, त्याने चेंडू उचलला, तरी हे तिथेच.

आमच्या बाजूने कुणीतरी ओरडलं, "आरं, गुडगा गेला त्याचा!"

आणि मग ह्यांनी दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला आणि खाली बसले. आधी आरोळी आली, मग हात गेले. मी तिथेच उभी होते, मी पाहिलं. दोन जवानांनी उचलून बाहेर आणलं, सगळं मैदान हळहळलं, आत्याबाईंनी तिथेच नवस बोलला. लोकांनीच रोग शोधला होता. ह्यांनी फक्त नाही म्हटलं नाही.

संघ पुण्याला परत गेला, हे घरी राहिले. दुसऱ्या दिवसापासून घराचा दवाखाना झाला. निर्गुडीच्या पाल्याचा शेक, गूळ-चुन्याचा लेप, आंबेहळद, वर क्रेपची पट्टी. कुणी शेवगावाहून तेल आणलं, कुणी अस्वलाची चरबी आणतो म्हणून सांगून गेलं ते बरं झालं, परत आलं नाही. येणारा प्रत्येक जण गुडघा दाबून बघायचा, "हितं दुखतंय का? मग हितं?" असं विचारायचा आणि हे कुठेतरी एका ठिकाणी "हो" म्हणायचे. नव्या नवरीला लावत नाहीत इतकी हळद त्या गुडघ्याला लागली. मला एकेकदा हसू यायचं आणि एकेकदा लेपाची वाटी उचलून भिंतीवर मारावीशी वाटायची.

बोलणार तरी कुणाशी? ते दिवसच तसे नव्हते. आत्याबाईंचे भाऊ-भावजया शेवगावकडे दुष्काळी कामावर खडी फोडत होते. घरात रेशनच्या परदेशी ज्वारीच्या, मिलोच्या, लालभडक भाकरी, नळाला टिपूस नाही. अशात धडधाकट पायांचा, हाताशी नोकरी असलेला माणूस दुपारभर भिंतीकडे तोंड करून पडतो आणि त्याला झालेलं काही नाही, हे कुठल्या तोंडाने सांगायचं? लोकांनी शेण घातलं असतं तोंडात. गुडघा म्हटलं की तेच लोक वाटीभर दूध घेऊन यायचे.

एका दुपारी आत्याबाई पाण्याच्या टँकरवर गेल्या होत्या. मी पट्टी सोडून नवी बांधत होते. हे म्हणाले, "गुडघ्याला काही झालेलं नाही."

मी म्हटलं, "माहीत आहे मला."

"केव्हापासून?"

"मैदानावरच."

हे रडले. पुरुषमाणूस तसा रडताना मी पहिल्यांदाच पाहिला. आवाज नाही, नुसतं सगळं अंग हलत होतं. मी पट्टी बांधत राहिले. मग हे हळूहळू बोलायला लागले. मैदानात उतरलं की कानात काही शिरत नाही, छाती धडधडते, आपण आता मरणार असं वाटतं, आणि मरत नाही. घरी आलं की वाटतं, मेलो असतो तर सुटलो असतो. हे वाक्य त्यांनी अगदी साध्या आवाजात म्हटलं. त्या दिवसापासून मी त्यांना एकटं विहिरीकडे जाऊ दिलं नाही.

भाजीचं निमित्त करून मी नगरात एका डॉक्टरांकडे जाऊन आले. माझ्या भावाला असं होतं म्हणून सांगितलं. ते भले होते, त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाले, झोपेच्या गोळ्या देतो, पण ह्याचं खरं औषध इथे नाही, येरवड्याला दाखवा. आमच्याकडे येरवडा म्हटलं की एकच अर्थ. भांडणातसुद्धा माणसं जपून काढतात तो शब्द. मी घरी येऊन भीतभीतच सांगितलं. पण हे उठून बसले. म्हणाले, "गेलो तर बरा होईन का?" मी म्हटलं, डॉक्टर तसंच म्हणत होते. तर म्हणाले, "मग मॅनेजर येतील तेव्हा खरं सांगतो. कंपनीच्या मदतीने औषध करू. लोक काय म्हणायचं ते म्हणू देत. मला खेळायचंय अगं, अजून चार-पाच वर्षं सहज खेळेन मी."

त्या संध्याकाळी ते पोटभर जेवले. ती मिलोची भाकरी, आणि हे अजून एक मागत होते.

संघाचे मॅनेजर दिवाळीनंतर आले. मुद्दाम ह्यांच्यासाठी पुण्याहून आलेले, येताना आत्याबाईंना फळं घेऊन आले. ह्यांना त्यांनीच संघात घेतलं होतं. चहा झाला आणि ह्यांनी सांगायला सुरुवात केली. अडखळत, मधेच थांबत, पण सगळं सांगितलं. गुडघा ठीक आहे इथपासून ते येरवड्यापर्यंत. मी दाराच्या आड उभी होते. सांगून झालं तेव्हा ह्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता.

मॅनेजरांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "हे आणखी कुणाला सांगितलंस?"

"नाही. बायकोला फक्त."

"मग मलाही सांगितलेलं नाहीस असं समज." त्यांनी ह्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे, गुडघ्यासाठी मी साहेबांशी भांडू शकतो. भांडलोय. खेळताना पाय गेला, कंपनीने माणसाला वाऱ्यावर सोडायचं का, असं म्हटलंय मी. इथे जवळच नागापूरला आपला नवा कारखाना निघतोय, तिथे स्टोअरमध्ये जागा आहे. कायमची. साहेब हो म्हणालेत. आता मी जाऊन सांगू का, की पाय चांगला आहे, पोराचं डोकं बिघडलंय? उद्याच काढतील तुला."

"पण बरा झालो तर खेळेन मी."

"तुला परत कोण घेईल? दुसरी कंपनीसुद्धा नाही घेणार. ही गोष्ट एकदा बाहेर फुटली की..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. मग उठताना म्हणाले, "फक्त एक सांभाळ. नागापूरला पुण्याची माणसं येत-जात असतात. चालताना जरा लक्षात ठेव."

हे माझ्याकडे बघायला लागले. मी आत्याबाईंकडे बघितलं. त्या चुलीपाशी बसल्या होत्या, त्यांनी सगळं ऐकलं होतं. मला वाटलं, आता ऊर बडवतील. त्या पदराला हात पुसत बाहेर आल्या आणि म्हणाल्या, "व्हय म्हन बाबा. मला काय कळत न्हवतं व्हय? मी आई हाय तुझी. पन गुडगाच बरा. गुडग्याला कुनी हसत न्हाई."

हे "हो" म्हणाले. खोटं कशाला बोलू, त्या वेळी माझ्याही छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं. कायमची नोकरी, तीही घरी राहून. मॅनेजर देवमाणूस होते. त्यांच्यावर राग काढायलासुद्धा जागा नाही, ह्याचाच मला अजून राग येतो.

येरवड्याचं नाव त्यानंतर घरात कुणी काढलं नाही. लंगड्या माणसाला येरवड्याला कशाला न्यायचं?

हे नागापूरला जायला लागले. सायकल चालवता येईना, गुडघा गेलेला माणूस सायकल कशी चालवेल? मग एस.टी., वाट बघणं, गर्दी. एकदा मी माहेरी जायला निघाले होते आणि हे माझ्याबरोबर स्टँडकडे येत होते. ह्यांची गाडी डोळ्यांदेखत सुटली. दहा पावलं धावले असते तर दांडीला हात लागला असता. मैदानावर ह्यांच्यामागे धावणारे धापा टाकायचे, त्या माणसाने पाय ओढत ओढत जाऊन गाडीच्या मागे राहिलेल्या धुळीत उभं राहावं, आणि शेजारच्या म्हातारबाने "आसू द्या, दुसरी यील" म्हणून समजूत घालावी. मी तोंड फिरवलं.

वाटलं होतं, खेळ सुटला की ते आतलं दुखणंही सुटेल. तसं झालं नाही. चेंडू गेला, पण दुपारी भिंतीकडे तोंड करून पडणं रविवारी चालूच राहिलं. स्टोअरमध्ये नट-बोल्ट मोजून द्यायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. लोक म्हणायचे, बिचाऱ्याचा पाय गेला, म्हणून असा झाला. लोकांना कारण सापडलेलं होतं, त्यामुळे कुणी अधिक विचारायचं नाही. घरी आले, दार लावलं की मात्र सरळ चालायचे. दारापासून मोरीपर्यंतची ती चार पावलं बघायला मी हातातलं काम सोडायची. तेवढ्यापुरतेच ते माझ्या ओळखीचे राहिले होते.

पुढच्या उन्हाळ्यातली गोष्ट. सकाळची वेळ, आत्याबाई देवळात गेलेल्या, दार आतून लावलेलं. हे मोरीकडून माझ्याकडे येत होते आणि पाय ओढत होते. मी म्हटलं, "अहो, घरातच आहात."

हे थांबले. वाकून त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला, दाबून बघितलं. मग माझ्याकडे वर पाहिलं तर तोंडभर हसू. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हसायचे तसं.

"अगं, खरंच दुखतोय," ते म्हणाले. "सकाळपासून दुखतोय. बघ, सूजपण आहे."

आणि तो माणूस इतका आनंदात होता की मला त्याच्या गुडघ्याला हात लावायचा धीर होईना.