मावशीने बांधलेल्या नाड्या

माझ्या मावशीने कुणाला माफ केलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. माफ करायला मन मोठं लागतं, असं कुणी तिला सांगितलं तर ती म्हणते, "माझं मापात आहे. उगाच सैल मी शिवत नाही." रस्त्याकडच्या खोलीत तिचं शिलाई मशीन आहे. पँट आखूड करणं, चेन बदलणं, झिजलेली कॉलर उलटवून बसवणं ही तिची रोजची कामं. एकदा एका गिऱ्हाइकाने कोटाचं कापड देताना तिला चारचौघांत सुनावलं, "बाई, आधी हात धुऊन या." मावशी निमूटपणे हात धुऊन आली. कोट असा शिवला की बघत राहावं. लग्नाच्या मांडवात त्या माणसाच्या लक्षात आलं की कोटाचे सगळे खिसे आतून शिवून बंद केलेत. चष्मा, किल्ल्या आणि रुमाल हातात धरून तो संध्याकाळपर्यंत पाहुण्यांशी कोपराने हस्तांदोलन करत होता.

डूख धरणं म्हणजे काय, ते मी या बाईकडून शिकले. आणि तिला नवरा मिळाला तो मात्र अगदी उलट्या टोकाचा.

काका फौजेत ट्रक चालवायचे. घाटात एकदा ब्रेक निकामी झाले तेव्हा मागे वीसेक जवान बसलेले होते. काकांनी दरीची बाजू सोडून ट्रक डोंगराला घासला आणि थांबवला. मागच्यांना खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. काकांची बाजू मात्र दरवाज्यासकट आत दाबली गेली. त्यांना ओढून बाहेर काढलं, अधिकारी धावत आला, "कसं वाटतंय?" म्हणाला, आणि हा माणूस मोडलेल्या कमरेने सावधान उभा राहून म्हणाला, "ठीक आहे, साहेब." मग खाली कोसळला. हे ते स्वतःच हसत हसत सांगतात. मला त्यात हसण्यासारखं काही वाटत नाही.

अपघाताची नोंद होती, दुखापतीचीही होती. फौज सुटली आणि वय वाढलं तसा कमरेतला तो दुखावलेला मणका बोलायला लागला. काकांना गुडघ्याच्या खाली वाकता येईना. लष्करी दवाखान्यात ऑपरेशन होणार होतं, पण त्याआधी तपासणी करणाऱ्या डॉक्टरने अपंगत्व मान्य करायला हवं होतं. बाहेर ऑपरेशन करायचं म्हणजे मावशीचं मशीनच काय, खोलीही विकावी लागली असती. आणि न करावं तर पाय लुळे पडतील, असं दोघा डॉक्टरांनी सांगितलं होतं.

गेल्या वर्षी काका तपासणीला एकटेच गेले. गुळगुळीत दाढी, इस्त्रीचा शर्ट, आरशासारखे बूट. परत आले ते खुशीत. "साहेब फार चांगला माणूस. बूट बघून म्हणाला, वा, फौजी, काय पॉलिश आहे! नाड्या काय सरळ बांधल्यात! म्हणजे वाकता येतं की."

मावशीचा हात मशीनच्या चाकावर थांबला. "मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणणार? येस सर म्हणालो."

"नाड्या कोण बांधतं तुमच्या?"

काकांनी बुटांकडे पाहिलं. साहेबापुढे उभं राहून 'मला बूट बायको घालून देते' असं फौजेतला कुठला माणूस सांगेल? सुंभ जळला तरी पीळ जात नाही. निकाल आला : दुखापत जुनी, सध्या हालचालीत अडथळा नाही.

त्या दिवसापासून मावशीने त्या डॉक्टरला मनात धरून ठेवलं. शिवताना धरलं, भांडी घासताना धरलं. सुईत दोरा ओवताना पुटपुटायची, "पॉलिश आवडलं काय तुला? थांब." मी म्हटलं, अगं, चूक काकांचीही आहे. तर म्हणाली, "त्यांची आहेच. पण त्यांनी बूट दाखवले. ह्याने माणूस बघायचा होता." खरं सांगायचं तर मलाही त्या डॉक्टरचा संताप आलेला होताच.

पुन्हा अर्ज केला. पुन्हा बोलावणं आलं. डॉक्टर तोच आहे हे कळल्यावर मावशीचा चेहरा असा फुलला की जणू माहेरचं कुणी येणार होतं.

तयारी सुरू झाली. मी डॉक्टर व्हायचं, काकांचा चष्मा नाकावर ठेवून मशीनच्या स्टुलावर बसायचं. काका दारातून आत यायचे. मावशी लाकडी पट्टी घेऊन बाजूला उभी.

"काय फौजी, कसं काय?" मी विचारायची.

"ठीक आहे, साहेब."

पट्टी टेबलावर आपटायची. "अहो, ठीक आहे तर कशाला गेलात तिथे? हवापाण्याच्या गप्पा मारायला?"

"निघून जातं गं तोंडातून."

"निघून जातं म्हणे! दात आवळा. परत या दारातून."

परत यायचे, परत तेच. जित्याची खोड. चौथ्या-पाचव्या दिवशी त्यांना कसंबसं "साहेब, खाली वाकता येत नाही" म्हणता यायला लागलं, तेही अशा आवाजात की जणू दुसऱ्याच कुणा जवानाची तक्रार पोचवतायत.

शेजारच्या निवृत्त कारकुनाला न विचारता सल्ला द्यायची सवय. तो येऊन म्हणाला, "काठी घ्या. लंगडत जा. चार दिवस दाढी करू नका, अंघोळ नाही केली तर उत्तम."

काकांनी त्याच्याकडे असं पाहिलं, जणू त्याने त्यांना चोरी करायला सांगितलं होतं. "दाढी न करता? साहेबासमोर?"

मावशीने त्या उंटावरच्या शहाण्याला चहाही न विचारता वाटेला लावलं. मला वाटलं, ती काकांची बाजू घेतेय. तसं नव्हतं. मागून मला जिन्यात गाठून म्हणाली, "सोंग करायचं नाही. सोंग उघडं पडलं तर उलट तोच आपल्याला हसेल. जे आहे तेच त्याला बघायला लावायचं. तेच बूट, तेच पॉलिश, त्याच नाड्या. फक्त तिथे मी हात लावणार नाही."

"काकांना सांगितलंस?"

"त्यांना सांगितलं तर ते चपला घालून येतील."

आता त्यांची सकाळ कशी असते ते सांगायला हवं, नाहीतर मावशीने काय पणाला लावलं ते कळायचं नाही. रोज सकाळी आतल्या खोलीचं दार लोटलं जातं. काका लोखंडी खुर्चीत बसतात, मावशी पाटावर. काका पाय पुढे करतात, ती मोजे चढवते, बूट घालते, नाड्या बांधते. त्या वेळात दोघं हळू आवाजात काहीबाही बोलत असतात, आणि दिवसभर जिची जीभ कात्रीसारखी चालते ती मावशी तेव्हा हसताना ऐकू येते. मग काका तिच्या खांद्यावर हात टेकून उठतात आणि दार उघडतं. त्या दाराच्या आत काय चालतं ते घरात सगळ्यांना ठाऊक आहे आणि कुणीही कधी बोललेलं नाही.

तपासणीच्या दिवशी दार उघडलं तेव्हा काका म्हणत होते, "आज घट्ट झालंय."

"राहू दे," मावशी म्हणाली. "आज घट्टच बरं." तिने दुहेरी गाठ मारली होती.

दवाखान्याच्या लांब व्हरांड्यात बाकांवर जुने फौजी रांगेने बसलेले होते. काकांना बघून दोघंतिघं ताठ झाले, एकाने ओळख दिली. काकांची छाती फुगली. शिपाई म्हणाला, सोबत एकालाच सोडता येईल. मावशीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं, आणि त्याने आम्हा दोघींना सोडलं.

डॉक्टर गोऱ्या हातांचा, मऊ आवाजाचा माणूस निघाला. मी राक्षसाची तयारी करून गेले होते. त्याने मान वर केली, आमच्या तिघांकडे पाहून नेहमीचं हसला, आणि मला एकदम कळलं की त्याला आम्ही आठवत नाही. मावशीलाही कळलं. तिच्या नाकपुड्या फुलल्या. अख्खं वर्ष तिने ज्याला उशाशी घेऊन काढलं होतं, त्याच्या डोक्यात आमच्यासाठी एक कोपराही नव्हता.

"बसा फौजी. कसं काय?"

काकांनी दात आवळले. "साहेब, खाली वाकता येत नाही."

"असं?" डॉक्टरची नजर खाली गेली. "पण बूट तर चकाचक! नाड्याबिड्या—"

"काढायला सांगा," मावशी म्हणाली.

"काय म्हणालात?"

"बूट हो. पायांची ताकद तपासायची ना? मग काढायला सांगा त्यांना."

डॉक्टर जरा गोंधळला, मग म्हणाला, "ठीक. काढा."

काकांनी मावशीकडे पाहिलं. आणि मग जे झालं ते आमच्या तालमीत कुठेच नव्हतं. वर्षानुवर्षांच्या सवयीने त्यांचा उजवा पाय आपोआप पुढे सरकला, तिच्या दिशेने. चमकता बूट तिच्या चपलेला टेकून थांबला. शेजारच्या खुर्चीत बसलेल्या मावशीने दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले होते.

डॉक्टरने तो पाय पाहिला. तिचे दाबलेले हातही पाहिले. काकांच्या कानांपर्यंत लाली चढली.

"एक मिनिट, साहेब," म्हणून ते वाकायला लागले. हात गुडघ्यापर्यंत आला. तिथून पुढे जाईना. कपाळावर घाम आला. त्यांनी खुर्चीच्या पायाला टाच अडकवून बूट ओढायचा प्रयत्न केला, पण दुहेरी गाठ ती, कशाला सुटते! त्यांच्या तोंडून एक आवाज निघाला. तो मी याआधी कधी ऐकला नव्हता.

"राहू द्या," डॉक्टर म्हणाला.

"राहू द्या कसं?" मावशीचा आवाज शांत होता, म्हणजे फारच रागात होती. "गेल्या वर्षी ह्याच बुटांवरून तुम्ही ठरवलंत, वाकता येतं म्हणून. तुम्हाला आठवत नसेल. मला आठवतंय. आता वाकू द्या की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

"मावशी, पुरे," मी म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलंही नाही.

काका अजून प्रयत्न करत होते. हुकूम सुटला होता ना. डॉक्टर खुर्चीतून उठला, टेबलाला वळसा घालून आला आणि काकांच्या पायाशी जमिनीवर बसला. गाठ त्यालाही सुटेना. नखाने उकरत, मान खाली घालून तो बराच वेळ खटपट करत राहिला. मावशी वरून त्याच्या डोक्याकडे बघत होती. तिने मागितलं होतं त्याहून जास्त तिला मिळालं. मी तिच्या चेहऱ्यावर आनंद शोधला, आणि तो होता. नाही असं मी म्हणणार नाही.

"सॉरी, सर," काका म्हणाले. डोळे भरलेले, नजर समोरच्या भिंतीवर.

डॉक्टरने बूट काढले, पाय तपासले, टाचणी टोचली, मणक्यावरून बोट फिरवलं. मग टेबलाशी जाऊन लिहिलं. मावशीने त्याला ते मोठ्याने वाचायला लावलं. सेवेतली दुखापत, गंभीर अपंगत्व, ऑपरेशन तातडीने. तो वाचताना एकदाही वर बघू शकला नाही.

शिपायाने बूट कसेबसे पायात सरकवून दिले. मावशी चटकन खाली बसली आणि नाड्यांना हात घातला. काकांनी पाय मागे घेतला.

"राहू दे."

ते उठले माझ्या खांद्यावर हात ठेवून. व्हरांड्यातून, त्या सगळ्या जुन्या फौज्यांसमोरून, नाड्या फरशीवर लोळवत, बूट फरफटत चालत गेले. ओळख देणाऱ्याने मान दुसरीकडे वळवली.

घरी आल्यावर ते लोखंडी खुर्चीत बसले. मावशीने दार लोटलं, पण कडेला फट राहिली. ती पाटावर बसून होती, हात मांडीवर, उघडे. काकांचे दोन्ही पाय खुर्चीखाली मागे ओढलेले.

"मिळालं ना आपल्याला?" ती म्हणाली. "ऑपरेशन होईल. अहो, झालं ना काम?"

काकांनी पाय आणखी आत ओढले.

मग तिने अशा आवाजात विचारलं की मला तिथून निघून जावंसं वाटलं. "फार दुखतंय का?"

काकांनी मान ताठ केली, नजर तिच्या डोक्यावरून पलीकडच्या भिंतीवर लावली.

"ठीक आहे, साहेब."