मायच्या अर्ध्या तोंडावरचं मलम

माझ्या चेहऱ्यावर त्या काळी दोन ऋतू एकाच वेळी नांदत असत. कपाळ आणि नाक म्हणजे भर श्रावण. सकाळी साबणाने धुवावं आणि अकरा वाजता त्यावर पापड तळता यावेत, इतकं तेल. गाल मात्र पौषातले, हसलं की ताणले जायचे आणि थंडीत त्यांची सालं निघायची. या दोन मुलखांच्या सीमेवर, म्हणजे नाकपुड्यांच्या कडेला आणि हनुवटीवर, मुरमांचा तळ. चेहऱ्याला काही नवं लावलं की ते लग्नाच्या वऱ्हाडासारखे येत, मुक्कामाच्या तयारीने.

आणि या सगळ्यावर नागपूरचं ऊन.

या उन्हाबद्दल माझ्या मनात अजून भीती कमी आणि आदर जास्त आहे. मे महिन्यात सीताबर्डीच्या रस्त्यावर दुपारी डांबर मऊ पडायचं आणि चप्पल रुतून बसायची. नळाला येणाऱ्या पाण्यात नुसती चहापत्ती टाकायची राहिलेली असे. अशा उन्हासमोर मी रोज तोंड वर करून उभी राहत होते, कारण मी कॉलेजात भाला फेकत असे. भाला फेकताना खाली मान घालता येत नाही. नजर वर, हनुवटी वर, जणू सूर्यावरच नेम धरलाय. तोंडाला ओढणी गुंडाळून एकदा फेकून पाहिलं, तर भाल्याच्या आधी ओढणी गेली.

सत्तरच्या दशकाचा शेवट होता. विद्यापीठाच्या शिबिरासाठी माझी निवड झाली. मेच्या मध्यापासून महिनाभर रोज सकाळी आणि पुन्हा दुपारी चारपासून मैदानावर. ही बातमी मी घरी सांगितली आणि नेमकी त्याच आठवड्यात माझी आत्या वाळवणं घालायला आमच्याकडे आली. येताना तिने एक स्थळही आणलं होतं.

"जूनमध्ये मुलाकडचे पाहाले येऊन राहिले," आत्या म्हणाली. "अन ही महिनाभर उन्हात काठी फेकन. तोंड कोळशावानी होईन, वरून फोडं. कोण पसंत करन वं हिले?"

"काठी नाही आत्या, भाला."

"भाला असो का बरची. तोंड तर हेच ना."

बाबांनी वर्तमानपत्र आणखी उंच धरलं. निकाल माझ्या आईने, आमच्या मायने, दिला. "शिबिर लागेपर्यंत उन्हासाठी असं काही शोध, जे या तोंडाले सोसते. सापडलं तर जा. नाही सापडलं तर आत्याबाईचं ऐक."

झालं. माझा भाला आता एका मलमावर टेकला होता.

पहिला प्रयोग आत्याचाच, बेसन-दह्याचा. तो लेप मैदानावर दहा मिनिटांत वाळला, तडकला आणि पळताना खपल्या डोळ्यांत जाऊ लागल्या. दुसरा प्रयोग शेजारच्या काकूंच्या भावाने परदेशातून आणलेल्या ट्यूबचा. खास उन्हासाठीच बनवलेली, समुद्रकिनाऱ्यावर लोळणाऱ्या लोकांची. थिजलेल्या तुपासारखी होती. ऊन तिने अडवलं हे खरं. माझे गाल आयुष्यात प्रथमच तृप्त झाले. पण तिसऱ्या सकाळी कपाळावर वऱ्हाड उतरलं, बँडसकट. तिसऱ्या प्रयोगात कॅलामाइन लोशन आणलं. नाकाची चकाकी गेली, मुरूम बसले, आणि गाल उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळासारखे भेगाळले. आत्या रोज सकाळी माझ्याकडे पाही आणि कुरड्यांचा चीक जोरजोरात ढवळू लागे.

शेवटी मी सीताबर्डीवरच्या औषधाच्या दुकानात गेले. तिथले वयस्कर केमिस्ट कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर ओढून काउंटरवरून माझं तोंड बराच वेळ न्याहाळत राहिले, सोनाराने पाटली पाहावी तसे.

"हे एका माणसाचं तोंड आहे का दोघांचं?" त्यांनी विचारलं.

"एकीचंच आहे काका. पण ऐकत नाही."

ते आत गेले, काही तरी घोटत राहिले आणि बाटली घेऊन आले. झिंक ऑक्साइड, थोडं ग्लिसरीन, तेलाचा थेंब नाही. तळाशी पांढरा गाळ, वर पाणी. हलवली की पातळ दुधासारखं. "नाक-कपाळाले एक हात, गालाले दोन हात," ते म्हणाले. "पण सोसन का नाही, हे मी सांगू शकत नाही पोरी. कोणीच नाही सांगू शकत. लावाचं, अन आठ-पंधरा दिवस वाट पाहाची."

मी ती बाटली घेऊन घरी आले, तेव्हा माझ्या चेहऱ्यावर तीन प्रयोगांचे अवशेष होते. चौथ्याला जागा नव्हती. मायने माझी हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"तुझ्या तोंडावर अजून एक चूक झाली, तर बाई ऐकणार नाही," ती म्हणाली. "आण इकडं. माझ्या तोंडाले कोण पाहाले येऊन राहिलं?"

आणि तेव्हा मला पहिल्यांदा दिसलं की माझा चेहरा तिचाच होता. चाळिशीतसुद्धा तिचं नाक दुपारी चकाकायचं, गाल थंडीत उलायचे, हनुवटीवर अधूनमधून एखादा मुरूम उगवायचा. तिने आरशासमोर बसून कपाळाच्या मधोमध, नाकाच्या दांड्यावरून हनुवटीपर्यंत बोटाने रेघ ओढली. रेघेच्या डावीकडे मलम लावलं. उजवीकडे काही नाही.

"अर्धंच काहून?" मी विचारलं.

"दोन्हीकडं लावलं तर कळन कसं?"

दुसऱ्या दिवसापासून माय डोक्यावर पदर न घेता गच्चीवर मुंगवड्या घालायला बसू लागली. एरवी ऊन चढलं की बायका खाली उतरत. ही अकरा वाजेपर्यंत तिथेच, कावळे हाकत. घामाने मलम ओघळलं की खाली येऊन पुन्हा लावायची, तेही रेघ सांभाळून.

"वहिनी, काय नाटक आहे हे?" आत्याने जिन्यातून विचारलं.

"नाटक नाही बाई. मुंगवड्या वाळून राहिल्या, त्यातच मी."

ऊन आपलं काम चोख करत होतं. मायचा उजवा गाल हळूहळू गुळाच्या रंगावर गेला, डावा गव्हाळ राहिला. मध्ये ती रेघ, नाकावरून सरळ खाली, शिंप्याने खडूने आखावी तशी. रोज सकाळी मी बाबांचं भिंग घेऊन तिच्या डाव्या बाजूवर मुरूम शोधायचे, साल निघते का पाहायचे. ती चहा पिता पिता तोंड वळवून द्यायची.

मग वैशाखी पौर्णिमा आली. विहारात जायचं म्हणजे पांढरं पातळ, आणि पांढऱ्या पातळावर तो दुरंगी चेहरा असा खुलला की नाटक मंडळींनी तिकीट लावलं असतं. बायका जयभीम घालायला हात जोडत आणि हात तसेच राहत. एकीने अगदी हळू आवाजात विचारलं, "लकवा गेला का वं?"

"नाही वं. पोरीसाठी मलम पाहून राहिली."

"मग पूर्ण तोंडाले लाव ना."

"पूर्ण लावलं असतं तर तू विचारलं असतं का?"

मी तिच्या शेजारी उभी होते. त्या वयात आईचं असं काही चारचौघांत दिसलं की मुली चार पावलं मागे सरतात. मी सरले नाही, कारण मला सरायचं सुचलंच नाही. मी नुसती पाहत होते. जिने आरशात पाहायला कधी फुरसत काढली नव्हती, ती बाई आपलं तोंड पाटीसारखं वापरत होती, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नव्हतं.

पौर्णिमेनंतर एका सकाळी आत्या चष्मा लावून गच्चीवर आली. तिने मायची हनुवटी धरली, तोंड इकडे वळवलं, तिकडे वळवलं, बाजारात वांगं पारखावं तसं.

"इकडं एकही फोड नाही," ती नाराजीने म्हणाली. "पण वहिनी, हे तुमचं तोंड झालं. पोरीचं वेगळं."

"बाई, पोरीचं तोंड आलं कुठून?"

आत्याने कुरडई उलटी केली. ती आधीच उलटी केलेली होती. त्या दुपारी जेवताना तिने बाबांना सांगितलं, "मुलाकडच्यायले जुलैत बोलावलं तरी चालन. जूनमध्ये गरम होते."

शिबिराच्या पहिल्या सकाळी मायने माझ्या चेहऱ्याला स्वतः मलम लावलं, नाक-कपाळाला एक हात, गालांना दोन. मग आरसा जवळ ओढून स्वतःच्या डाव्या बाजूला.

"माय, आता तरी दुसरीकडे लाव," मी म्हटलं. "माझं काम झालं ना."

"कसं झालं? तुझं शिबिर महिनाभर आहे. आजपर्यंत सोसलं, उद्याचं काय सांगावं. मी तुझ्या पंधरा दिवस पुढं आहे. काही बिघडलं तर आधी माझ्या तोंडावर दिसन."

ती मला मैदानापर्यंत पोचवायला आली. मुली भाले टेकवून तिच्याकडे पाहू लागल्या. आमच्या सरांनी शिट्टी तोंडातून काढली. "बाई, आपण नाटकात काम करता का?"

"नाही सर. पोरीले किती वेळ उन्हात ठेवता?"

सरांनी सांगितलं. तिने मान डोलावली, पिशवीतून बाटली काढून त्यांच्या हातात दिली. "मग मधात एकदा पुन्हा लावा लागन. लावण्याआधी हलवाची. हिले भाला हातात आला की बाकी काही आठवत नाही."

सरांनी बाटली उजेडाकडे धरून हलवून पाहिली. माय फाटकाकडे निघाली. रस्त्यावर सगळ्या बायका डोक्यावर पदर ओढून भिंतीच्या सावलीने चालल्या होत्या. ही सावली सोडून रस्त्याच्या मधून चालली. फाटकाबाहेर पडतानाच तिने डोक्यावरचा पदर काढून खांद्यावर घेतला होता. दोन्ही बाजूंना ऊन सारखं लागायला हवं होतं.